पालीचा पत्ता कुणाला द्यावा?

बोर्निओ बेटावरच्या सखल जंगलांतल्या ओढ्यांमध्ये एक सरडा राहतो. लांबीला साधारण हातभर, अंग सापासारखं निमुळतं, पाय आखूड, डोळे बारीक, पाठीवर खरबरीत खवल्यांच्या उभ्या रांगा. कानाचं छिद्र बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याला बिनकानी घोरपड म्हणू. शास्त्रीय नाव लँथॅनोटस बोर्निएन्सिस. आपल्या घोरपडीशी त्याचं नातं आहे, पण दूरचं. त्याच्या कुळात आज जिवंत असा तो एकटाच. दिवसा तो ओढ्याकाठच्या बिळात किंवा दगडाखाली पडून असतो, रात्री गांडुळं आणि पाण्यातले बारीक जीव खातो. चाल सुस्त. शेपूट तुटली तर पालीसारखी पुन्हा उगवत नाही. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्झ स्टाइनडाख्नर यांनी १८७८ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढची सव्वाशे वर्षं तो जगभरच्या सरीसृप-अभ्यासकांना इतका क्वचित दिसला की जिवंत बिनकानी घोरपड पाहिलेला माणूस त्या वर्तुळात भाग्यवान गणला जाई.

२०१२ मध्ये इंडोनेशियाच्या पश्चिम कालीमंतान प्रांतातून या सरड्याची पहिली नोंद शास्त्रीय नियतकालिकात आली. दोन वर्षांच्या आत, २०१४ मध्ये, तो युरोपातल्या हौशी संग्राहकांच्या बाजारात विकायला होता. जोडीची किंमत हजारो युरो. मलेशिया, इंडोनेशिया आणि ब्रुनेई या तिन्ही देशांच्या कायद्यांनी १९८० येईपर्यंत त्याला संरक्षण देऊन ठेवलं होतं आणि व्यापारासाठी निर्यातीची परवानगी कुणीही दिलेली नव्हती. म्हणजे बाजारातला प्रत्येक सरडा चोरीचा, किंवा चोरीच्या सरड्याचं पिल्लू. २०१५ मध्ये एक जर्मन प्रवासी जकार्ताच्या विमानतळावर असे आठ सरडे सामानात लपवून नेताना पकडला गेला.

शास्त्रीय लेख आणि तस्करी यांचा हा क्रम पाहिला की मनात पहिला प्रश्न येतो तो हाच: दुर्मिळ जीव कुठे सापडतो हे संशोधकाने छापावं का? आपल्याकडे हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. सह्याद्रीतून गेल्या दोन दशकांत पालींच्या नव्या जाती एकामागून एक नोंदल्या गेल्या. २००९ मध्ये निमॅस्पिस कोल्हापुरेन्सिस, २०१४ मध्ये कासच्या पठारावरून निमॅस्पिस गिरी, २०१६ मध्ये आंबोलीची पिवळ्या पोटाची निमॅस्पिस फ्लॅव्हिव्हेंट्रॅलिस. बोटाएवढ्या या पाली दिवसा हिंडतात, दगडांच्या फटींत राहतात आणि त्यांतल्या कित्येकींचं सारं जग एखाद्या डोंगररांगेपुरतं असतं. नावातच जिल्हा, वर्णनात गावाचं नाव, अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. हे सगळं शास्त्राच्या शिस्तीला धरूनच आहे. पण ही शिस्त घडली तेव्हा नव्या जातीचं वर्णन वाचणारे जगात मोजके लोक होते. आज ते कुणाच्याही फोनवर उघडतं.

लपवावं म्हणणाऱ्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा दक्षिण चीनमधून येतो. तिथल्या चुनखडीच्या डोंगरांत पापण्या मिटणाऱ्या पालींची एक प्रजाती आहे, गोनियुरोसॉरस. तिच्यातल्या गोनियुरोसॉरस लुई या जातीचं वर्णन १९९९ मध्ये झालं. ठिकाण छापलं गेलं, संग्राहकांचे दलाल तिथे पोहोचले, आणि ज्या डोंगरावरून तिची ओळख झाली त्याच डोंगरावरून ती नाहीशी झाली. एकेक पाल दीड-दोन हजार डॉलरना जात होती. २००६ मध्ये ब्रायन स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात इशारा दिला की शास्त्रीय वर्णनच एखाद्या जातीच्या जिवावर उठू शकतं. त्या इशाऱ्यावर सही करणाऱ्यांत ली ग्रिस्मर होते, आणि १९९९ चं ते वर्णन लिहिणाऱ्यांतही तेच होते. म्हणजे हा इशारा शास्त्राच्या विरोधकांचा नव्हता. ज्यांचं आयुष्य पाली शोधण्यात गेलं त्यांचाच होता.

पुढे २०१५ मध्ये चीनच्या ग्वांगशी प्रांतातून याच प्रजातीच्या दोन नव्या जाती नोंदल्या गेल्या तेव्हा संशोधकांनी ठिकाण छापलंच नाही. माहिती संबंधित सरकारी खात्यांना दिली आहे आणि अभ्यासकांना मागितल्यास मिळेल, एवढंच लिहिलं. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेतही याला अडकाठी नाही. नमुना जपून ठेवणं आणि तो कुठे ठेवला ते सांगणं बंधनकारक आहे. नेमकी जागा सांगावी ही शिफारस आहे. नाव त्याशिवायही वैध ठरतं.

धोका फक्त पिशवी घेऊन येणाऱ्या दलालाचा असतो असंही नाही. डेव्हिड लिंडेनमायर आणि बेन शील या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये ‘छापू नका’ अशी थेट भूमिका घेतली. त्यांचं एक उदाहरण गुलाबी शेपटीच्या, जवळपास बिनपायाच्या एका सरड्याचं होतं. तो दगडांखाली मुंग्यांच्या बिळांत राहतो. त्याची ठिकाणं खुल्या नोंदींत गेली आणि तो पाहायला आलेले लोक शेतमालकांना न विचारता रानात घुसून दगड उलटे करू लागले. यांतल्या काहींना तो पकडायचा नसेलही, नुसता बघायचा असेल. पण उचललेला दगड पुन्हा तसाच्या तसा बसत नाही; त्याखालचा ओलावा, गारवा, मुंग्यांची वाट सगळं बिघडतं. पावसाळ्यात आंबोलीला रात्री टॉर्च घेऊन निघणाऱ्या छायाचित्रकारांचे जथे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यांतले बहुतेक मनापासून निसर्गप्रेमी असतात, आणि अडचण तीच आहे. चोराला अडवता येतं. प्रेमाने आलेल्या पन्नास माणसांना कोण अडवणार?

ही बाजू ऐकली की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. तो सुटत नाही, कारण गुप्ततेचा फायदा दुसऱ्याही कुणाला तरी होतो.

मलेशियाच्या पेराक राज्यात गुनुंग कांथान नावाचा चुनखडीचा डोंगर आहे. सिमेंटसाठी तो वर्षानुवर्षं खणला जातोय. २०१४ मध्ये ग्रिस्मर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या गुहेतून सिर्टोडॅक्टिलस गुआकांथानेन्सिस या नव्या पालीचं वर्णन केलं. इथे ठिकाण लपवण्याचा प्रश्नच नव्हता. गुहेचं नाव त्यांनी जातीच्या नावातच घातलं. उघड सांगितलं की ही पाल याच डोंगरात आहे आणि डोंगर खणला जातोय. ग्वांगशीचं मौन आणि कांथानची जाहीर घोषणा, दोन्हींमागे पाली वाचवण्याचाच हेतू. धोका वेगळा म्हणून वागणं वेगळं. जिथे पाल पिशवीतून जाण्याची भीती आहे तिथे पत्ता झाकावा लागतो. जिथे जेसीबी उभा आहे तिथे झाकलेला पत्ता जेसीबीच्या मालकाच्याच सोयीचा.

सह्याद्रीत जेसीबीचा धोका कुठे आहे हे सांगायची गरज नाही. सिंधुदुर्गातल्या चिरेखाणी, कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यांवरचं बॉक्साइट, साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या आणि त्यांच्यासाठी कापलेले रस्ते, घाटाघाटांतले खडीचे क्रशर. ज्या कातळाच्या फटीत अख्खी एक जात राहते तो कातळ खाणपट्ट्याच्या कागदावर फक्त ‘पडीक जमीन’ असतो. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल लिहिणाऱ्याने त्या जागेची नोंद शोधली आणि ती कुठेच सापडली नाही, तर ‘परिसरात दुर्मिळ प्रजाती आढळत नाही’ हे वाक्य तो निर्धास्तपणे लिहू शकतो. पाल वाचवण्यासाठी पाळलेलं मौन तिच्याविरुद्धच पुरावा म्हणून उभं राहतं.

उघडपणाने जागा वाचल्याचं उदाहरण आंबोलीतच आहे, फक्त ते पालीचं नाही, माशाचं आहे. २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या परिसरातून शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा नोंदला गेला. नदीच्या नावावरूनच त्याचं नाव ठेवलं, ठिकाण सगळ्या वृत्तपत्रांत छापून आलं, आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने त्या परिसरातला २.११ हेक्टरचा भाग जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. संशोधकांमध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव होते, हेही इथे सांगायला हवं. प्रत्येक पालीच्या कुंडलीत असा योग नसतो. तरी मुद्दा उरतोच. पत्ता माहीत नसता तर शासनाला कोणती जागा जाहीर करता आली असती?

आता टांझानियातली एक गोष्ट, जी दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. उलुगुरु डोंगरांच्या पायथ्याशी किंबोझा नावाचं जेमतेम चार चौरस किलोमीटरचं राखीव जंगल आहे. तिथे आपल्या केवड्याच्या कुळातल्या झाडांवर लायगोडॅक्टिलस विल्यम्साय ही छोटी पाल राहते. नर झगझगीत निळे, माद्या तपकिरी-हिरव्या. तिचं वर्णन १९५२ चं. ठिकाण पन्नास वर्षं छापील पुस्तकांत होतं आणि कुणी तिकडे फिरकलं नाही. मग युरोप-अमेरिकेतल्या काचपेट्यांच्या बाजारात हा निळा रंग आवडीचा झाला, आणि अभ्यासकांच्या अंदाजानुसार २००४ ते २००९ या काळात एकाच टोळीने तीस हजारांहून जास्त पाली पकडून नेल्या. पकडणं सोपं व्हावं म्हणून झाडंच तोडली. २०१६ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचं नाव गेलं.

इथे पत्ता जुना होता, मागणी नवी होती. म्हणून केवळ छापल्यामुळे जीव जातो, हे ‘छापू नका’ म्हणणाऱ्यांचं गणित किंबोझाला लागू पडत नाही. पण उघडपणाच्या समर्थकांनाही दिलासा मिळत नाही, कारण राखीव जंगलाचा दर्जा असूनही पाली गेल्याच. फलक लावल्याने रखवाली होत नाही.

मागणीचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरात डोकावायला हवं. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांमध्ये परदेशी सरडे, साप, कासवं सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून वारंवार येतात. हे प्राणी मुंबई-पुण्याच्या आणि इतर शहरांच्या घरांतल्या काचपेट्यांसाठीच येतात. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात साइट्सच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. नोंदणी म्हणजे निदान कुणाकडे काय आहे याचा हिशोब. मात्र हे प्राणी मुळात आले कुठून, हा प्रश्न त्या हिशोबात मागेच राहतो. बिनकानी घोरपडीच्या बाबतीत युरोपात याच प्रश्नावर वाद पेटला. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या साइट्स परिषदेत मलेशियाने तिला पहिल्या परिशिष्टात टाकण्याची मागणी केली. तडजोड होऊन ती दुसऱ्या परिशिष्टात गेली, पण रानातून पकडलेल्या प्राण्याच्या व्यापारासाठी कोटा शून्य. तोवर काही प्राणिसंग्रहालयांकडे हे सरडे पोहोचले होते आणि त्यांची पैदासही सुरू झाली. पैदास झाली की किंमत उतरते आणि रानावरचा ताण कमी होतो, असं संग्रहालयांचं म्हणणं. वन्यजीव-व्यापाराचे अभ्यासक व्हिन्सेंट नायमन यांनी २०२१ मध्ये उलट विचारलं: मूळ जोडी कायदेशीर मार्गाने आलीच नसेल, तर तिचं पिल्लू कायदेशीर कसं? आम्हाला नायमन यांचा प्रश्न जास्त वजनदार वाटतो. स्वस्त झालेल्या सरड्याचे ग्राहक वाढतात, आणि रानातून आणलेला प्राणी पैदाशीचा म्हणून विकणं सोपं होतं.

पुन्हा पत्त्याकडे. लपवाछपवीविरुद्ध आणखी एक आक्षेप आहे, आणि मराठी वाचकाने त्याची दखल जास्त घ्यावी. गुपित नेमकं कुणापासून? बोर्निओच्या ओढ्यांवर मासेमारी करणाऱ्या गावकऱ्यांना तो सरडा कुठे असतो हे माहीत असतं. सह्याद्रीतल्या गुराख्याला पाल कुठल्या कातळावर बसते हे संशोधकाच्या आधीपासून ठाऊक असतं; संशोधकाला वाट दाखवणारा बहुतेकदा तोच. दलालही त्याच्याकडेच येतो, हातात फोटो आणि खिशात नोटा घेऊन. मग शोधनिबंधातून गावाचं नाव खोडून राहिलं काय? शास्त्रज्ञाला माहीत, दलालाला माहीत, गावालाही माहीत. पण त्या पालीची जगभरात किंमत काय आणि कायदा काय म्हणतो, हे नेमकं गावालाच माहीत नसतं. असं गुपित प्रामाणिक माणसालाच अंधारात ठेवतं.

हा आक्षेप खरा आहे. तरीही अक्षांश-रेखांश जसेच्या तसे छापावेत असं त्यातून निघत नाही. दलालाला गावात येऊन विचारावं लागणं आणि त्याला घरबसल्या फोनवर खुणेची जागा मिळणं यांत फरक आहे. गावात येऊन विचारणारा माणूस दिसतो, लक्षात राहतो, त्याची तक्रार करता येते. आयनॅचुरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या मंचांनी हे ओळखून धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत धूसर करण्याची सोय केली आहे. उपाय साधा आहे आणि आपल्या संशोधकांनी तो सरसकट स्वीकारायला हवा. त्यातही पळवाट राहते. ठिकाण धूसर, पण फोटोत मागे देवळाचा कळस आणि धबधबा स्पष्ट. असे फोटो टाकणाऱ्यांत जाणकारही असतात.

आमचं मत असं. नव्या किंवा अतिमर्यादित जागी राहणाऱ्या पालीचं वर्णन छापताना जिल्हा आणि तालुका लिहावा, अधिवासाचं वर्णन हवं तेवढं करावं, नेमका बिंदू मात्र छापू नये. तो वनखात्याकडे, राज्य जैवविविधता मंडळाकडे आणि नमुना ठेवणाऱ्या संग्रहालयाकडे लेखी नोंदवावा, आणि खाणपट्टा किंवा रस्ता मंजूर करण्याआधी ती नोंद तपासणं बंधनकारक असावं. यात शास्त्राचं थोडं नुकसान आहे. दुसऱ्या अभ्यासकाला तीच जागा पुन्हा तपासायची तर पत्रव्यवहार करावा लागेल, महिने जातील. अर्जांच्या ढिगात पाली अडकलेल्या आम्हीही कल्पू शकतो. सरकारी कपाटातून माहिती फुटत नाही असंही कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. ही किंमत मोजावी, कारण उलट बाजूची किंमत लुईच्या डोंगरावर एकदा मोजून झाली आहे.

वनखात्याचं नाव घेतलं की एक व्यवहारी अडचण येते. या पालींचे अनेक कातळ वनजमिनीवर नाहीतच. ते मालकीच्या जमिनीवर आहेत, गावच्या सड्यांवर आहेत, देवराईच्या कडेला आहेत. वनरक्षकाचा अधिकार हद्दीच्या दगडाशी संपतो. तिथे २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली नेमलेली गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती उरते. बऱ्याच गावांत ती कागदावरच आहे, आणि लोकजैवविविधता नोंदवही एखाद्या संस्थेने भरून दिलेली. तरी पत्ता तिच्यापर्यंत गेलाच पाहिजे. संशोधकाने शोधनिबंधाची प्रत इंग्रजीत मंडळाला पाठवून न थांबता ग्रामसभेत उभं राहून मराठीत सांगावं: तुमच्या सड्यावर अशी पाल आहे, ती जगात दुसरीकडे कुठे सापडलेली नाही, तिला पकडायला कुणी आलं तर तालुक्याला या नंबरवर कळवा. काही संशोधक हे आपणहून करतात. संशोधनाच्या परवान्यातच ती अट असायला हवी.

आणि गावालाच चिरेखाण हवी असेल तर? असं होईल. खाणीतून दर महिन्याला पैसा येतो, पालीतून येत नाही. अशा गावात ग्रामसभेला सांगितलेला पत्ता पाल वाचवेलच असं नाही. उलट सर्वेक्षणाआधीच कातळ फोडून मोकळं होण्याची घाईही होऊ शकते. तिथे संशोधकाने कांथानचा मार्ग घ्यावा. जागा नावानिशी वृत्तपत्रांत छापावी, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यावं, हरित लवादाचं दार ठोठावावं, आणि त्यामुळे येणाऱ्या छायाचित्रकारांचा उपद्रव काही काळ सोसावा.